‘करून घ्यावेत’, पण कोणी?

अल्झायमर झालेल्या माणसाकडून शारीरिक आणि बौद्धिक व्यायाम एकत्रितपणे, नियमित करून घ्यावेत. अशा अर्थाचं वाक्य आता वर्तमानपत्रांच्या आरोग्य-पुरवण्यांत येतं, दवाखान्यातल्या पत्रकांवर असतं. दरवर्षी २१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनाच्या भाषणांत तर ते हमखास असतं. वाक्य शास्त्रीय आहे, कानाला गोड आहे. खोट एकच आहे. त्याला कर्ता नाही. कोणी करून घ्यावेत? मराठी व्याकरणाला अशा वाक्यात कर्ता नसला तरी चालतं. घराला चालत नाही. घरात शोधायला गेलं तर तिथे कर्ता सापडत नाही, कर्ती सापडते. सून, बायको, नाहीतर नवऱ्याकडून परत आलेली, ‘नाहीतरी घरीच असते’ अशी मुलगी.

आमचं भांडण व्यायामाशी नाही. ते या गायब केलेल्या कर्त्याशी आहे. सिन्नरसारख्या गावात बसून हे भांडण मांडायला हवं, कारण पुण्या-मुंबईत पैसे मोजून आया, परिचारिका, दिवसाचं केंद्र असं काहीतरी निदान विकत तरी मिळतं. इथे काय आहे? माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळीवर जाणारा मुलगा आहे, शेतात आणि घरात दोन्हीकडे राबणारी सून आहे आणि ओट्यावर बसून ‘मला घरी जायचंय’ म्हणणारी म्हातारी आहे, जी पन्नास वर्षं याच घरात राहते आहे.

सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे

आधी शास्त्र काय सांगतं ते नीट समजून घेऊ. अर्धवट माहितीचा मार शेवटी बाईच्याच पाठीवर बसतो.

अल्झायमर म्हणजे म्हातारपणीचा साधा विसराळूपणा नव्हे. मेंदूच्या पेशींभोवती आणि पेशींच्या आत विशिष्ट प्रथिनं साचतात, पेशी मरत जातात. नव्या गोष्टी साठवणारा भाग आधी बिघडतो, म्हणून सकाळी जेवल्याचं दुपारी आठवत नाही, पण माहेरच्या विहिरीचा पायरस्ता आठवतो. हाताला लागलेली सवय, लहानपणीची गाणी, लय, चाल हे त्या मानाने पुष्कळ काळ टिकून राहतं. आजार पुढे जातो, तो उलटा फिरवणारं औषध आजही नाही.

मग व्यायामाने काय होतं? फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या १,२६० माणसांवर दोन वर्षं एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. आहार, शारीरिक व्यायाम, बौद्धिक व्यायाम आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, असं सगळं एकत्र केल्यावर या माणसांची बुद्धी नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा चांगली राहिली. पण ही माणसं आजारी नव्हती, आजाराचा धोका असलेली होती. कॅनडात १७५ माणसांवर झालेला अभ्यास २०२३ साली आला. त्यात स्मृती थोडी ढासळलेली, पण स्मृतिभ्रंशापर्यंत न पोचलेली माणसं होती. आठवड्यातून तीनदा, वीस आठवडे त्यांना बौद्धिक सराव आणि व्यायाम एकापाठोपाठ दिले. त्यांच्यात सुधारणा दिसली. म्हणजे दोन्ही एकत्र करण्यात तथ्य आहे, आणि ते जितक्या लवकर सुरू होईल तितकं बरं.

आता दुसरी बाजू, जी भाषणांत कोणी सांगत नाही. इंग्लंडमध्ये ज्यांना स्मृतिभ्रंश झालेलाच आहे अशा ४९४ जणांवरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या एका गटाला चार महिने चांगला दमवणारा व्यायाम दिला. अंगातली ताकद वाढली. पण स्मृतीची घसरण थांबली नाही की मंदावलीही नाही. उलट त्याच देशात २००३ साली २०१ रुग्णांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात गटात बसून गप्पा, खेळ, वस्तू ओळखणं, आठवणी असे चौदा कार्यक्रम घेतले, तर बुद्धीच्या चाचण्यांत आणि जगण्याच्या आनंदात दोन्हीकडे फरक पडला. चौघांत बसून बोलण्या-खेळण्याने जे साधलं ते नुसता घाम गाळायला लावून साधलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याचा अर्थ व्यायाम फुकट असा नाही. चालतं-फिरतं राहिलं की झोप बरी लागते, पोट साफ राहतं, पाय बळकट राहिले तर पडून खुब्याचं हाड मोडण्याचा धोका कमी होतो, चिडचिड आणि घालमेल आटोक्यात राहायला मदत होते. पण ‘व्यायाम करून घेतला असता तर आई एवढी बिघडली नसती’ हे वाक्य धादांत खोटं आहे. ते गावातला कोणीही, मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेला दीर किंवा नणंदही, सुनेच्या तोंडावर फेकू शकतो. बाईला अपराधी वाटायला लावण्याच्या आपल्याकडच्या असंख्य युक्त्यांत या नव्या युक्तीची भर नको.

आणि बाजारापासूनही सावध राहा. मोबाईलवरच्या ‘मेंदूच्या खेळां’नी स्मृती वाचते असं सांगून पैसे उकळणं हा जगभर मोठा धंदा आहे. २०१६ साली अमेरिकेत ‘ल्युमोसिटी’ या खेळाच्या कंपनीला फसव्या जाहिरातींबद्दल २० लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे असली जाहिरात आली तर विचारणारंही कोणी नाही.

पहिली रुग्ण बाईच होती

या आजाराला अलॉईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरचं नाव आहे. ज्या व्यक्तीत त्याने तो पाहिला तिचं नाव किती जणांना माहीत आहे? ती ऑगस्ट डेटर. रेल्वेतल्या एका कारकुनाची बायको. १९०१ साली तिला फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात दाखल केलं तेव्हा ती अवघी एक्कावन्न वर्षांची होती. १९०६ मध्ये ती गेली, त्याच वर्षी डॉक्टरांनी तिच्या मेंदूवर व्याख्यान दिलं, आणि १९१० साली आजाराला डॉक्टरांचं नाव मिळालं. तिची कागदपत्रं नव्वद वर्षांनी, १९९५ मध्ये सापडली. स्वतःचं नाव लिहायला सांगितलं तर ते तिला लिहिता येत नव्हतं, असं त्यांत नोंदलेलं आहे. नाव विसरलेल्या बाईचं नाव जगानेही विसरून टाकलं.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट आपल्यापैकी अनेकींनी पाहिला असेल. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे गाढे पंडित झाले आहेत. चित्रपट उत्तमच आहे. पण प्रश्न असा, की विद्वान पुरुषाची स्मृती गेली की तिला शोकांतिका म्हणतात, आणि आयुष्यभर विड्या वळलेल्या बाईची गेली की ‘म्हातारीला चळ लागला’ म्हणतात. तिच्या डोक्यात जपून ठेवण्यासारखं काही होतं, हेच मुळी कोणाला मान्य नाही.

आकडे मात्र वेगळंच सांगतात. देशभराच्या पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या भारतीयांत शंभरात सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. बायांमध्ये हे प्रमाण शंभरात नऊ, पुरुषांत सहाहून थोडं कमी. खेड्यात आठच्या वर, शहरात पाचच्या आसपास. खेड्यातली म्हातारी बाई सगळ्यात जास्त धोक्यात, आणि तिच्यापर्यंत पोचणारं सगळ्यात कमी.

हे निसर्गानेच केलं का? काही अंशी असेल. पण २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने टाळता येण्याजोगी जी चौदा कारणं दिली, त्यांत पहिल्याच टप्प्यावर आहे कमी शिक्षण. पुढे आहेत ऐकू कमी येणं, दिसणं कमी होणं, मनाची उदासी, डोक्याला मार, एकटेपणा, हवेचं प्रदूषण, रक्तदाब, साखर, व्यायामाचा अभाव. ही यादी हातात धरून आपल्या गावातल्या कुठल्याही सत्तर वर्षांच्या बाईचं आयुष्य आठवून बघा. शाळेत घातलं नाही. चुलीच्या धुरात जन्म गेला. कानाला ऐकू येईना तर ‘आता ऐकून काय करायचंय’ म्हणून यंत्र घेतलं नाही. डोक्याला मार कुणाकुणाच्या हातून बसला ते इथे लिहायची गरज नाही. नवरा गेल्यावर चारचौघांत उठणं-बसणं बंद झालं. मेंदूचा आजार म्हणतो आपण याला. त्याचा निम्मा इतिहास घराच्या उंबऱ्यावर लिहिलेला आहे.

‘बाईला कशाला हवा व्यायाम?’

व्यायामाचा विषय काढला की पहिलं उत्तर हेच येतं. दिवसभर कामच तर करते, आणखी व्यायाम कशाला?

घरकाम आणि व्यायाम यांत फरक आहे. व्यायामात शरीराचा सगळा भाग हलतो, जोर हळूहळू वाढवला जातो, विश्रांती असते आणि मुख्य म्हणजे तो आपल्यासाठी असतो. विडीकाम घ्या. सिन्नरचं नाव विडीसाठी सगळीकडे घेतलं जायचं. विडी वळणारी बाई मांडी घालून, मान वाकवून तासन्‌तास बसते. टेंभुर्णीचं पान पत्र्याच्या मापावर कापायचं, चिमूटभर तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, बंडल मोजायचं. बोटं आणि हिशोब अखंड चालू, पण पाठ, कंबर, गुडघे जागच्या जागी आखडलेले, छातीत तंबाखूची धूळ. हा व्यायाम नव्हे, ही झीज आहे.

आणि बुद्धीचं काय? ‘बौद्धिक व्यायाम’ म्हणून सुचवतात काय, तर शब्दकोडी, सुडोकू, वाचन, बुद्धिबळ. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायांपैकी नऊसुद्धा साक्षर नव्हत्या, १९६१ मध्ये जेमतेम पंधरा होत्या. आज ज्या पंच्याहत्तर-ऐंशीच्या आहेत त्या त्या काळातल्या मुली. त्यांच्यापुढे शब्दकोडं ठेवणं ही थट्टा आहे. तपासणीचीही तीच गत. जगभर वापरली जाणारी १९७५ सालची चाचणी रुग्णाला वाक्य लिहायला लावते, शंभरातून सात-सात वजा करायला लावते. जी शाळेतच गेली नाही ती यात नापासच होणार. हरियाणात बल्लभगढच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात ही चाचणी निरक्षर माणसांसाठी बदलून घेतली, ती यासाठीच. मनात आणलं तर बदलता येतं.

अक्षर नसलं म्हणून या बायांचं डोकं रिकामं नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी १९८० च्या दशकापासून खेडोपाडी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा करवल्या. त्यांची संख्या लाखावर गेली. हे सगळं बायांच्या स्मरणातून आलं, कागदावरून नाही. आणि ओवी गायची केव्हा? जातं फिरवताना. हात, खांदे, पाठ एका लयीत फिरतात, आणि त्याच लयीत तोंडाने ओवी येते, आधीच्या बाईच्या ओवीला दुसरी जोडून पुढे नेते. भोंडला घ्या, हादगा म्हणा. हत्तीभोवती फेर धरायचा, पावलं सांभाळायची, लांबत जाणारी गाणी क्रमाने म्हणायची आणि शेवटी खिरापत ओळखायची. शारीरिक आणि बौद्धिक व्यायाम एकत्र म्हणजे आणखी काय असतं?

म्हणून लगेच कोणी ‘बघा, आमच्या संस्कृतीत सगळं आधीच होतं’ अशी आरोळी ठोकू नये. जातं ही सक्ती होती. पहाटे उठून दळणाऱ्या बाईला कोणी विचारलं नव्हतं, तुला दळायचंय का. आपल्याला जातं परत आणायचं नाही. त्या सक्तीच्या कामातही बायांनी लय, शब्द आणि सोबत स्वतःसाठी निर्माण केली, ती तेवढी उचलायची आहे.

प्रत्यक्षात कसं करायचं

ज्यांच्या घरी हा आजार आहे त्या मैत्रिणींसाठी थोडं कामाचं. आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, उदासी यांमुळेही विसर पडतो आणि तो उपचाराने सुधारतो. चष्मा आणि कान तपासून घ्या. ऐकू येत नसेल तर बौद्धिक व्यायाम कसला घेणार? २०२४ साली राज्य सरकारने आणलेली मुख्यमंत्री वयोश्री योजना ६५ वर्षांपुढच्या गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी एकदा ३,००० रुपये देण्याची आहे. त्याची चौकशी करा.

वेळ ठरलेली ठेवा, शक्यतो सकाळची. संध्याकाळी घालमेल वाढते. अर्धा तास पुरे. सुरुवात बसून करा. भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवर बसवून ओवीच्या तालावर पाय उचलणं, खुर्चीवरून उठणं-बसणं, आपण मोजणं आणि तिने मोजणं. कापडाचा चेंडू एकमेकींकडे टाकत भाज्यांची, गावांची, नात्यातल्या माणसांची नावं घेणं. मग अंगणात चालणं आणि चालताना थांबून ओळखणं, हे झाड कशाचं, हे घर कोणाचं. चालणं आणि बोलणं एकदम करायला लावू नका. या आजारात एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणं आधी जातं, बोलता बोलता पाय अडखळतो आणि ती पडते. आधी चालणं, मग थांबून बोलणं. झेपलं तर नंतर एकत्र.

हातांना ओळखीचं काम द्या. मूग, मटकी, हरभरे मिसळून वेगळे करणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या, गोधडीसाठी चिंध्या रंगांप्रमाणे लावणं, ठिपक्यांची रांगोळी. जिने जन्मभर विड्या वळल्या तिची बोटं कागदाचे तुकडे दिले तरी वळायला लागतील. तंबाखू नको, कागद पुरे. आणि परीक्षा घेऊ नका. ‘मी कोण सांग बरं?’ हा प्रश्न घरोघरी दिवसातून दहादा विचारतात, पाहुण्यांसमोर तर मुद्दाम. तो व्यायाम नाही, अपमान आहे. ‘आत्याबाई, मी तुमची धाकटी सून’ असं आपणच सांगावं आणि पुढे जावं. चुकलं तर चुकू द्यावं. दम लागला, छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबावं.

हे सगळं करता येण्यासारखं आहे. पैसा जवळजवळ लागत नाही. लागतो तो वेळ. आणि इथेच सगळं अडतं.

वेळ कोणाचा?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायांचे रोज सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं. ज्या पुरुषांनी अशी कामं केली त्यांची ८८ मिनिटं. माणसांची देखभाल करण्यात बायांची आणखी १३७ मिनिटं, पुरुषांची ७५. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलं की स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची जगभरात जी देखभाल होते तिचे शंभरातले सत्तर तास बाया देतात. या बाईला आपण सांगतो, आता रोज अर्धा तास व्यायामही करून घे. हसतमुखाने.

आणि हे कोणत्या नात्याने? आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्यात सांभाळण्याची जबाबदारी कोणावर आहे? मुलगा, मुलगी, नातू, नात. सुनेचं नाव त्या यादीत नाही. कायद्याने जिच्यावर जबाबदारी टाकली नाही तीच ती सगळी उचलते आहे, आणि ज्याच्यावर टाकली तो ‘आमच्या आईचं सगळं हीच बघते हो’ असं कौतुकाने सांगतो. हे कौतुक नाही. ही उचललेली मजुरी आहे.

त्यातून सासू-सुनेचं नातं. त्याबद्दल आपण बायांच्या चळवळीतही मोकळेपणाने बोलत नाही. जिने तीस वर्षं पाण्यात पाहिलं, माहेरचं नाव काढू दिलं नाही, तिच्यासमोर आता टाळ्या वाजवत गाणी म्हणायची? सासू सगळं विसरली, सुनेला सगळं आठवतं आहे. या सुनेला कोणी संस्काराचे धडे देऊ नयेत. तिचा राग खरा आहे, आणि तो कुठेतरी बोलून दाखवायची जागा तिला मिळाली पाहिजे. पण तिला एक सांगावंसं वाटतं. तुला छळणारी आणि आज लंगोट बांधावा लागणारी ही बाई एकाच चक्कीत दळली गेली आहे. तिच्या म्हातारपणाचं आणि तुझ्या तरुणपणाचं ओझं एकमेकींच्या डोक्यावर टाकून घरातले पुरुष मोकळे राहिले आहेत. तुम्ही दोघी एकमेकींशी भांडत राहाल तोवर त्यांना उठावं लागणार नाही.

‘पुरुषांना हे जमत नाही’ असं म्हणू नका. कापडाचा चेंडू झेलायला कसली स्त्रीसुलभ माया लागते? ज्या आईने चालायला शिकवलं तिला हात धरून अंगणात फिरवणं मुलाला जमत नसेल, तर शिकवा. आणि आजारी पुरुष असेल तेव्हा काय होतं तेही पाहा. त्याला मित्र पारावर, देवळात घेऊन जातात, माणसं त्याच्याशी बोलतात. बाई आजारी पडली की अब्रूच्या नावाखाली दाराला कडी लागते. तिने बाहेर काही बोललं, लुगडं सुटलं, वाट चुकली तर घराण्याचं नाक जातं. पुरुषाची फेरी आणि बाईची कोठडी. एकाच आजारावर हे दोन उपचार.

घराबाहेर काढा हा प्रश्न

एका घरात एका बाईने एका रुग्णाकडून व्यायाम करून घेणं ही वाटच चुकीची आहे. वर सांगितलेला २००३ चा अभ्यास आठवा. गुण आला तो गटात. आठ-दहा जणी फेर धरून बसल्या, एकीला शब्द आठवला नाही तर दुसरीला आठवला, हसू आलं, तिथे औषध आहे. आणि तेवढे दोन तास घरातली बाई मोकळी. तिने झोपावं, मजुरीला जावं, काहीही करावं, हिशोब मागू नये.

जागा नाहीत असं कोणी सांगू नये. गावोगाव समाजमंदिरं आहेत, बहुतेक वेळ कुलूपबंद. अंगणवाडीची खोली दुपारी रिकामी असते. सिन्नर शहरात देवळांची आवारं आहेत. माणसं नाहीत म्हणाल, तर आशाताई घरोघर जातात. त्या भरतात त्या तपासणी-पत्रकात साठीपुढच्यांसाठी जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का, असा प्रश्न आहे. म्हणजे विचारायचं सरकारला सुचलं. ‘हो’ असं उत्तर आलं की पुढे काय? २०१०-११ पासूनच्या ज्येष्ठांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांचा दवाखाना, वरच्या रुग्णालयात व्यायामोपचाराची सोय असं ठरलेलं आहे. आपल्या केंद्रात तो वार कोणता, एवढं जाऊन विचारा. एकीने नको, दहा जणींनी मिळून विचारा. केरळने २०१४ साली ‘स्मृतिपथम’ नावाने स्मृतिभ्रंशासाठी सरकारी कार्यक्रम सुरू केला. केरळात होतं तर महाराष्ट्रात का नाही?

मात्र एक अट. हे काम पुन्हा आशा आणि अंगणवाडीताईंच्या डोक्यावर फुकट टाकलं, तर घरातल्या बिनपगारी बाईच्या जागी गावातली अर्धपगारी बाई आणली एवढंच होईल.

म्हणून आपल्या मागण्या अशा आहेत.

प्रत्येक मोठ्या गावात आठवड्यातून निदान दोन दिवस, दोन तास, स्मृती गेलेल्या ज्येष्ठांसाठी गटात व्यायाम, गाणी आणि खेळ. जागा ग्रामपंचायतीने किंवा नगरपरिषदेने द्यावी. येण्या-जाण्याची सोय त्यात असावी.

तिथे काम करणाऱ्यांना प्रशिक्षण आणि वेगळा, नियमित मोबदला. त्यांत पुरुषही असले पाहिजेत.

निरक्षर माणसांना लागू पडेल अशी मराठी चाचणी प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि पत्रकात ‘हो’ लिहिलं गेलेल्या प्रत्येक माणसाची पुढची तपासणी.

औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना, मग तो मुलगा असो वा मुलगी, आई-वडिलांच्या आजारात पगारी रजा. मुलाने ती घ्यावीच, असा घरचा आग्रह.

सांभाळणाऱ्या बाईची स्वतःची तपासणी, आणि तिला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी. ती दिवसभर कुठे होती हे कोणी विचारायचं नाही.

आणि पत्रकं छापणाऱ्यांकडे एक छोटीशी मागणी. पुढच्या २१ सप्टेंबरला वाक्य बदला. ‘करून घ्यावेत’ असं लिहू नका. ‘मुलांनी, मुलींनी, नातवंडांनी आणि सरकारने मिळून करावेत’ असं लिहा. कर्ता लिहिला की जबाब विचारता येतो.